उद्योग-संघटनांच्या हवामानविषयक लॉबिंगवर कंपनीने देखरेख कशी ठेवावी

एखादी कंपनी वार्षिक अहवालात निव्वळ-शून्य उत्सर्जनाचे उद्दिष्ट जाहीर करते आणि त्याच सुमारास, ती ज्या उद्योग-संघटनेची सभासद आहे ती संघटना मंत्रालयाला पत्र लिहून उत्सर्जनाचे नवे निकष काही वर्षे पुढे ढकलण्याची विनंती करते. पत्राच्या शेवटी ‘आमच्या सर्व सभासदांच्या वतीने’ असे लिहिलेले असते. असे पत्र गेल्याचे कंपनीच्या संचालक मंडळातील बहुतेकांच्या गावीही नसते. पुढे कधी तरी ते पत्र बाहेर येते, दाखवायचे दात आणि खायचे दात वेगळे असल्याचा आरोप होतो आणि मग खुलाशांची धावपळ सुरू होते. अशा प्रकरणांत जाणीवपूर्वक दुटप्पीपणा असतोच असे नाही. पुष्कळदा एका विभागाने भरलेल्या वर्गणीतून काय बोलले जाते याची दुसऱ्या विभागाला खबरच नसते. परंतु बाहेरून पाहणाऱ्याला या दोहोंतील फरक दिसत नाही आणि त्याने तो शोधत बसावा अशी अपेक्षाही करता येत नाही.

ही देखरेख प्रत्यक्षात कशी उभी करावी, हे पुढे सांगितले आहे. ते मुख्यतः भारतातील सूचीबद्ध कंपन्यांचे कंपनी सचिव, शाश्वतता विभागाचे प्रमुख आणि स्वतंत्र संचालक यांच्यासाठी आहे. संघटनेच्या संकेतस्थळावरील हिरवी पाने वाचून हे काम होत नाही. कोणत्या मसुद्यावर, कोणत्या तारखेला, कोणाच्या सहीने काय लिहून गेले हे कंपनीला माहीत हवे, आणि शक्यतो ते जाण्यापूर्वी माहीत हवे.

जबाबदारी कोणाची, हे आधी ठरवावे

अमेरिकेत लॉबिस्टांना, म्हणजे सरकारी धोरणावर प्रभाव टाकण्याचे काम करणाऱ्यांना, कायद्याने नोंदणी करावी लागते आणि युरोपीय संघाची स्वतःची पारदर्शकता नोंदवही आहे. भारतात मात्र लॉबिंगचे नियमन करणारा स्वतंत्र कायदा नाही. तरीही कंपन्यांना अगदी मोकळे रान आहे असे नव्हे. सेबी या भांडवली बाजाराच्या नियामकाने मे 2021 मध्ये आणलेला आणि 2022-23 या आर्थिक वर्षापासून बाजारमूल्यानुसार पहिल्या 1000 सूचीबद्ध कंपन्यांना सक्तीचा केलेला ‘व्यवसाय जबाबदारी व शाश्वतता अहवाल’, म्हणजेच बीआरएसआर, नऊ तत्त्वांवर उभा आहे. त्यांतील सातवे तत्त्व सार्वजनिक धोरणावर प्रभाव टाकताना जबाबदारी आणि पारदर्शकता पाळण्याविषयी आहे. त्याखाली सक्तीने द्यायची माहिती थोडीच आहे, मुख्यतः कंपनी किती संघटनांची सभासद आहे आणि त्यांतील प्रमुख दहांची नावे. कोणत्या धोरणाचा पुरस्कार केला, कोणत्या मार्गाने केला, ती माहिती सार्वजनिक आहे का आणि संचालक मंडळ तिचा आढावा किती वेळा घेते, हे प्रश्न ऐच्छिक ‘नेतृत्व निर्देशकां’त मोडतात. बाह्य तपासणीसाठी 2023 मध्ये निवडलेल्या ‘बीआरएसआर कोअर’च्या निर्देशकांतही लॉबिंगचा समावेश नाही. याचा अर्थ असा, की या रकान्यात जे लिहिले जाते ते बाहेरच्या कोणी पडताळून पाहावे असे बंधन नाही. म्हणूनच ते पडताळण्याची व्यवस्था कंपनीने स्वतः करायला हवी.

त्यासाठी लागणारा अधिकार कायद्यात आहे. कंपनी कायदा, 2013 च्या कलम 166 मध्ये संचालकांच्या कर्तव्यांत पर्यावरणाच्या संरक्षणाचा उल्लेख आहे. सेबीच्या सूचीबद्धता नियमांनुसार पहिल्या 1000 कंपन्यांना जोखीम व्यवस्थापन समिती नेमावी लागते आणि तिच्या धोरणात शाश्वततेशी निगडित जोखमींचा विचार करावा लागतो. हे काम याच समितीकडे सोपवावे. ते सीएसआर, म्हणजे सामाजिक उत्तरदायित्व, समितीकडे दिले, तर त्याची गणती वृक्षारोपण आणि शाळांच्या संगणकांशेजारी होते.

कार्यकारी पातळीवर एकच अधिकारी जबाबदार असावा, पण निर्णयावर दोन सह्या लागाव्यात: शासकीय व्यवहार विभागाच्या प्रमुखाची आणि शाश्वतता विभागाच्या प्रमुखाची. संघटनेच्या तांत्रिक समितीवर कंपनीच्या वतीने बसणारा माणूस बहुधा अभियांत्रिकी, विक्री किंवा कर विभागातला असतो. त्याच्याकडून ‘खर्च वाढू नये’ एवढीच अपेक्षा केलेली असते आणि तो ती प्रामाणिकपणे पार पाडतो. कंपनीने बाजाराला दिलेले वचन त्याला कोणी समजावून सांगितलेले नसते, हा दोष त्याचा नव्हे.

यादी अहवालातून नको, खातेवहीतून काढावी

कोणत्याही मोठ्या कंपनीला ‘आपण किती संघटनांचे सभासद आहोत’ असे विचारले, की शासकीय व्यवहार विभाग दहा-बारा नावे सांगतो. लेखा विभागाच्या नोंदी तपासल्या, तर यादी त्याहून बरीच लांब निघते. कारखान्याच्या व्यवस्थापकाने औद्योगिक वसाहतीच्या संघटनेला भरलेली वर्गणी, निर्यात विभागाने घेतलेले सभासदत्व, विलीन झालेल्या कंपनीकडून वारशाने आलेले आणि आपोआप नूतनीकरण होणारे सभासदत्व, हे सारे वेगवेगळ्या खर्चशीर्षांखाली विखुरलेले असते.

हे गोळा करण्याची सोपी युक्ती जीएसटीमध्ये आहे. सभासद-संस्थांच्या सेवांसाठी जीएसटीचा सेवा-संकेतांक 9995 या आकड्यांनी सुरू होतो. मागील तीन वर्षांच्या खरेदी-नोंदींतून या संकेतांकाची सर्व देयके लेखा विभागाकडून काढून घ्यावीत. त्यात क्लब आणि व्यावसायिक संस्थाही येतील. त्या हाताने वेगळ्या कराव्यात. मग प्रत्येक संघटनेपुढे वार्षिक वर्गणी, वर्गणीव्यतिरिक्त दिलेली रक्कम, समित्यांवरील कंपनीचे प्रतिनिधी आणि सभासदत्वाच्या नूतनीकरणाची तारीख लिहावी. वर्गणीव्यतिरिक्तच्या रकमेकडे विशेष लक्ष द्यावे. ‘विशेष निधी’, ‘अभ्यास-सहभाग’ किंवा ‘कायदेशीर खर्च’ अशा नावांनी आलेले देयक पुष्कळदा एखाद्या नियमाविरुद्धच्या याचिकेसाठी किंवा त्या नियमाचा खर्च फुगवून दाखवणाऱ्या सल्लागार-अहवालासाठी असते. अमेरिकेत उपकंपनी असेल तर काम आणखी सोपे आहे. तेथील व्यापारी संघटनांना वर्गणीपैकी किती भाग लॉबिंगवर खर्च होतो हे सभासदांना कळवावे लागते, कारण त्या भागावर करवजावट मिळत नाही. नाहीतर त्यावरचा कर संघटनेला स्वतः भरावा लागतो. तो टक्का देयकावरच छापलेला सापडतो.

बीआरएसआरमधील ‘प्रमुख दहा’ निवडताना संघटनेची एकूण सभासदसंख्या पाहिली जाते. त्यामुळे सीआयआय, फिक्की, असोचॅम, पुण्याची मराठा चेंबर किंवा मुंबईची बॉम्बे चेंबर अशी हजारो सभासदांची सर्वसमावेशक नावे वर येतात. या संघटनांची मते साहजिकच मवाळ असतात, कारण त्यांच्या छत्राखाली पवनचक्कीवालेही असतात आणि कोळसावालेही. एखाद्या निकषातील आकडा खरोखर हलवणारी संघटना मात्र अनेकदा मोजक्या सभासदांची, एकाच क्षेत्राची असते. सिमेंट, पोलाद, मोटारी, खासगी वीजनिर्मिती, तेलशुद्धीकरण अशा प्रत्येक क्षेत्राची एक असते आणि सभासदसंख्येच्या कसोटीवर ती पहिल्या दहांत येईलच असे नाही. म्हणून कंपनीच्या अंतर्गत यादीचा क्रम सभासदसंख्येवर न लावता, ती संघटना कंपनीच्या उत्सर्जनाशी संबंधित किती नियमांवर बोलते यावर लावावा.

संघटनेची खरी भूमिका कोठे सापडते

संघटनेच्या वार्षिक अधिवेशनातील अध्यक्षीय भाषण वाचून तिची भूमिका ठरवू नये. तेथे हवामानबदलाबद्दल चिंता व्यक्त करणे हा शिष्टाचार झाला आहे. भूमिका सापडते ती हरकती आणि सूचनांच्या पत्रांत.

केंद्र सरकारच्या 2014 च्या विधिपूर्व सल्लामसलत धोरणानुसार कायद्याचे आणि नियमांचे मसुदे किमान 30 दिवस लोकांपुढे ठेवणे अपेक्षित आहे. पर्यावरण संरक्षण नियमांखालील मसुदा-अधिसूचनांवर हरकतींसाठी साधारणतः 60 दिवस मिळतात. या मुदतीच्या शेवटच्या आठवड्यात जे पत्र जाते, त्यात संघटना आपला खरा आग्रह मांडते: मुदत वाढवा, आधारवर्ष बदला, लहान घटकांना वगळा, दंडाची तरतूद सौम्य करा. संघटनेकडून अशी पत्रे सभासद या नात्याने मागून घ्यावीत. त्यावर तुमचा हक्क आहे. ती तुमच्याच पैशाने लिहिलेली आहेत.

राज्य पातळीवर महाराष्ट्रातील कंपनीला एक चांगली सोय उपलब्ध आहे. महाराष्ट्र वीज नियामक आयोग खुल्या वीजवहनाचे (म्हणजे वितरण कंपनीऐवजी दुसऱ्या उत्पादकाकडून थेट वीज घेण्याचे), नवीकरणीय ऊर्जेच्या खरेदी-बंधनाचे किंवा तत्सम विषयांचे नियम अंतिम करताना कारणमीमांसेचे निवेदन प्रसिद्ध करतो आणि त्यात कोणी कोणती सूचना केली व आयोगाने तिचे काय केले हे नावानिशी दिलेले असते. वीजदराच्या आदेशांतही हरकतदारांची मांडणी नोंदलेली असते. एक दुपार ही कागदपत्रे घेऊन बसल्यास, छतावर सौर पॅनेल लावून त्याची छायाचित्रे छापणाऱ्या कंपनीच्या संघटनेने आयोगापुढे नेमके काय मागितले होते, हे पांढऱ्यावर काळे दिसते. संसदेच्या स्थायी समित्यांचे अहवालही पाहावेत. कोणत्या संघटनांच्या प्रतिनिधींनी साक्ष दिली आणि काय सांगितले याचा गोषवारा त्यांत असतो.

माहिती अधिकाराचा मार्ग पत्रकारांना आणि भागधारकांना खुला आहे. मंत्रालयाकडे आलेली निवेदने ही त्या मंत्रालयाच्या ताब्यातील माहिती असते, मात्र व्यापारी गोपनीयतेचे कलम 8(1)(घ) आणि त्रयस्थ पक्षाला नोटीस देण्याचे कलम 11 आडवे येऊ शकते. हा अधिकार नागरिकाचा आहे, कंपनीचा नव्हे. आणि खरे सांगायचे तर आपल्याच संघटनेचे पत्र मिळवण्यासाठी कंपनीच्या एखाद्या कर्मचाऱ्याने वैयक्तिक अर्ज करण्याची वेळ आली, तर त्या संघटनेबद्दलचा निष्कर्ष पत्र हाती येण्यापूर्वीच निघालेला असतो.

कोणत्या मापाने मोजावे

पत्रे जमा झाली, की प्रत्येक संघटनेचे मूल्यमापन करावे लागते. मार्च 2022 मध्ये स्वीडनचा एपी-7 हा निवृत्तिवेतन निधी, बीएनपी पारिबाची मालमत्ता व्यवस्थापन कंपनी आणि चर्च ऑफ इंग्लंडचे निवृत्तिवेतन मंडळ यांच्या पुढाकाराने जबाबदार हवामान-लॉबिंगचे एक जागतिक मानक प्रसिद्ध झाले. त्यात 14 निर्देशक आहेत आणि पॅरिस करारातील तापमानवाढीच्या 1.5 अंशांच्या मर्यादेशी सुसंगती हा त्यांचा आधार आहे. लंडनची इन्फ्लुएन्समॅप ही संस्था 2015 पासून कंपन्यांना आणि संघटनांना त्यांच्या धोरणविषयक वर्तनानुसार गुण देते. कंपनीचे परदेशी गुंतवणूकदार बहुधा हेच माप लावणार, म्हणून ते माहीत असणे आवश्यक आहे.

परंतु हे माप जसेच्या तसे उचलून लावल्यास भारतीय संदर्भात घोटाळा होतो. भारताने 2070 पर्यंत निव्वळ-शून्याचे आणि 2030 पर्यंत सकल देशांतर्गत उत्पादनाची उत्सर्जन-तीव्रता 2005 च्या तुलनेत 45 टक्क्यांनी घटवण्याचे उद्दिष्ट ठेवले आहे. एखादी संघटना युरोपीय संघाच्या आयातीवरील कार्बन-सीमा कराला विरोध करते, तेव्हा तिच्या युक्तिवादात श्रीमंत देशांच्या ऐतिहासिक जबाबदारीचा न्याय्य मुद्दा असू शकतो. भारत सरकारही हाच मुद्दा मांडते. अशा विरोधाला सरसकट ‘हवामानविरोधी’ ठरवणे मला पटत नाही. मात्र तीच संघटना युरोपात जाऊन ‘आमच्या देशात स्वतःची कार्बन-बाजार योजना आहे, तिला मान्यता द्या’ असे सांगत असेल आणि दिल्लीत येऊन 2023 मध्ये अधिसूचित झालेल्या त्या कार्बन-पत योजनेतील लक्ष्ये सैल करून मागत असेल, तर दोन्ही पत्रे शेजारी ठेवून पाहावीत. म्हणून मोजणी दोन मापांनी करावी, एक पॅरिस कराराचे आणि दुसरे कंपनीने स्वतः जाहीर केलेल्या उद्दिष्टाचे. आणि कोणत्या मापाने काय निष्पन्न झाले ते वेगवेगळे लिहावे.

मुदतवाढीच्या मागणीला स्वतंत्र रकाना द्यावा. उघड विरोध आता क्वचितच होतो. ‘तत्त्वतः पाठिंबा आहे, फक्त वेळ द्या’ हा आजचा प्रचलित मार्ग आहे. औष्णिक वीजकेंद्रांसाठीचे उत्सर्जन-निकष 7 डिसेंबर 2015 रोजी अधिसूचित झाले आणि त्यांत दोन वर्षांची मुदत होती. वीजउत्पादक आणि त्यांच्या संघटना वेळोवेळी वाढीव मुदत मागत राहिल्या, मुदत अनेकदा वाढली आणि जुलै 2025 मध्ये सल्फर डायऑक्साइडच्या निकषातून बहुसंख्य केंद्रे वगळलीच गेली. हे प्रकरण प्रत्यक्ष हरितगृह वायूंचे नाही, पण मागणीचा साचा ओळखण्यासाठी याहून चांगले उदाहरण नाही. विशेष म्हणजे पालघर जिल्ह्यातील डहाणूच्या वीजकेंद्रात गंधक-निर्मूलन संयंत्र 2007 पासून चालू आहे. संघटना ‘तांत्रिकदृष्ट्या अशक्य’ असे लिहीत असेल, तेव्हा सभासदांपैकी कोणी ते आधीच केले आहे का, हा प्रश्न विचारावा.

मौनाचीही नोंद घ्यावी. कंपनी नवीकरणीय विजेवर कोट्यवधी रुपये गुंतवत असेल आणि तिची संघटना खुल्या वीजवहनाच्या नियमांवर दहा वर्षांत एकदाही बोलली नसेल, तर ती वर्गणी कशासाठी, हा साधा हिशेबाचा प्रश्न आहे.

पत्र जाण्यापूर्वीची व्यवस्था

वर्षातून एकदा केलेले मूल्यमापन झालेल्या गोष्टींचे असते. खरी देखरेख मसुद्याच्या त्या 30 किंवा 60 दिवसांत करावी लागते. संघटनेकडून येणारा ई-मेल साधारण अशा स्वरूपाचा असतो: सोबत मसुदा-निवेदन जोडले आहे, अभिप्राय परवा सायंकाळपर्यंत कळवावा, अभिप्राय न आल्यास संमती गृहीत धरली जाईल. हा ई-मेल समितीवरील प्रतिनिधीकडे जातो. तो दौऱ्यावर असतो आणि तिसऱ्या दिवशी त्याची कंपनी एका अशा मागणीची समर्थक ठरलेली असते जी तिच्या मुख्य कार्यकारी अधिकाऱ्याने कधी वाचलेलीही नाही.

यावर तीन-चार साध्या तजविजी पुरतात. हवामान, ऊर्जा आणि इंधन या विषयांवरील संघटनेचे सर्व पत्रव्यवहार प्रतिनिधीबरोबरच कंपनीच्या एका सामायिक पत्त्यावर यावेत, अशी लेखी विनंती करावी. मौन म्हणजे संमती नव्हे, हे संघटनेला एकदाच पत्र लिहून कळवावे. या पत्राची भाषा गुळमुळीत नसावी. पुढील मजकूर जवळजवळ जसाच्या तसा वापरता येईल:

‘आमच्या कंपनीने जाहीर केलेल्या उत्सर्जन-उद्दिष्टांशी संबंधित कोणत्याही निवेदनास आमची लेखी संमती नसल्यास, ते निवेदन सर्व सभासदांच्या वतीने सादर केल्याचे नमूद करू नये. अशा निवेदनाचा मसुदा आम्हांस किमान सात कामकाजाच्या दिवसांपूर्वी मिळावा. आमचे मत भिन्न असल्यास ते सभेच्या इतिवृत्तात नोंदवावे आणि त्याची प्रत आम्हांस द्यावी.’

‘इतके कडक नियम कोणती संघटना मान्य करील’ अशी शंका येईल. पण याच स्वरूपाची शिस्त कंपन्या दुसऱ्या एका कारणासाठी आधीपासून पाळतात. भारतीय स्पर्धा आयोगाने जून 2012 मध्ये संगनमताच्या आरोपावरून सिमेंट कंपन्यांना आणि त्यांच्या उत्पादक संघटनेला मिळून 6,000 कोटींहून अधिक दंड ठोठावला. ते प्रकरण पुढे अपिलांत वर्षानुवर्षे रेंगाळले, पण त्यातून धडा घेऊन अनेक कंपन्यांचे विधी विभाग संघटनेच्या बैठकीची विषयपत्रिका आधी तपासतात, किमतींचा विषय निघाल्यास प्रतिनिधीने उठून बाहेर जावे असे बजावतात आणि इतिवृत्त मागवून घेतात. हीच तपासणी-सूची घ्यावी आणि तिच्यात हवामानाचा एक रकाना वाढवावा. नवी यंत्रणा उभारण्यापेक्षा चालत्या यंत्रणेला जोड देणे सोपे असते, आणि विधी विभागाचे नाव आले की संघटनाही फारसे आढेवेढे घेत नाही.

एकमत झाल्याचा संघटनेचा दावाही तपासून घ्यावा. मोटारींच्या इंधन-कार्यक्षमतेचे, म्हणजे ‘कॅफे’ निकषांचे उदाहरण ताजे आहे. सप्टेंबर 2025 मध्ये ऊर्जा कार्यक्षमता ब्युरोने एप्रिल 2027 पासून लागू करावयाच्या तिसऱ्या टप्प्याचा मसुदा मांडला. त्यात 909 किलोपर्यंत वजनाच्या, 1200 सीसीपर्यंत इंजिनाच्या आणि चार मीटरपर्यंत लांबीच्या पेट्रोल मोटारींना सवलत सुचवली होती. छोट्या मोटारींची मोठी उत्पादक असलेल्या मारुती सुझुकीने अशा सवलतीचा आग्रह धरला होता, तर टाटा मोटर्स आणि महिंद्र यांनी वजनावर आधारित सवलतीला विरोध केला. हे सर्व मोटार उत्पादकांच्या ‘सियाम’ या एकाच संघटनेचे सभासद. मतभेद वर्तमानपत्रांतून उघड झाला आणि एका परीने ते बरेच झाले. कोणती कंपनी कोणत्या बाजूला आहे हे धोरण ठरवणाऱ्यांना आणि वाचकांना कळले. कोणाची बाजू रास्त, हा वेगळा प्रश्न आहे. पण संघटनेच्या लेटरहेडखाली असे मतभेद झाकले जातात, तेव्हा जिंकते ती बहुधा सर्वांत कमी तयारी असलेल्या सभासदाची भूमिका, कारण तेवढ्यावरच सगळ्यांचे जमते.

मतभेद मिटत नसेल तर

पहिले पाऊल म्हणजे कंपनीने मंत्रालयाकडे स्वतःचे स्वतंत्र निवेदन देणे. याला फारसा खर्च येत नाही, संघटना सोडावी लागत नाही आणि अधिकाऱ्याच्या टेबलावर दोन पत्रे पडली की ‘संपूर्ण उद्योगाचे म्हणणे’ हा दावा टिकत नाही. आश्चर्य असे, की एवढे करण्यासही कंपन्या कचरतात. त्यानंतरची पावले म्हणजे विशेष निधीची रक्कम रोखणे, संघटनेच्या समितीतील किंवा कार्यकारिणीतील पद सोडणे आणि अखेरीस सभासदत्वाचे नूतनीकरण न करणे.

बाहेर पडण्याची उदाहरणे परदेशात पुष्कळ आहेत. अमेरिकेत 1989 मध्ये स्थापन झालेली ग्लोबल क्लायमेट कोअलिशन ही संघटना उत्सर्जन-कपातीच्या क्योटो कराराविरुद्धच्या मोहिमेत आघाडीवर होती. 1998 मध्ये शेल ही तेल कंपनी आणि 1999 मध्ये फोर्ड ही मोटार कंपनी बाहेर पडल्यावर तिची गळती थांबली नाही आणि 2002 मध्ये ती विसर्जित झाली. बीएचपी या खाण कंपनीने 2017 मध्ये आपल्या संघटनांची पडताळणी प्रसिद्ध केली आणि पुढे जागतिक कोळसा संघटना सोडली, पण अमेरिकेच्या चेंबर ऑफ कॉमर्समध्ये ती राहिली. शेलने 2019 मध्ये 19 संघटनांची तपासणी केली, नऊ संघटनांशी काही प्रमाणात विसंगती आढळल्याचे मान्य केले आणि अमेरिकेतील इंधन व पेट्रोरसायन उत्पादकांच्या संघटनेतून बाहेर पडायचे ठरवले. टोटल या फ्रेंच कंपनीने जानेवारी 2021 मध्ये अमेरिकन पेट्रोलियम इन्स्टिट्यूट सोडताना कारणे नेमकी सांगितली: मिथेनवरील नियम सैल करण्याला संस्थेचा पाठिंबा, विद्युत वाहनांच्या अनुदानाला विरोध करणाऱ्या आघाडीतील सहभाग, आणि पॅरिस कराराला विरोध करणाऱ्या उमेदवारांना मदत. व्होल्वो कार्सने 2022 मध्ये युरोपीय मोटार उत्पादकांची संघटना सोडण्याचे जाहीर केले.

या उदाहरणांतून घेण्यासारखी गोष्ट बाहेर पडण्याची नाट्यमयता नव्हे, तर कारणे लिहून प्रसिद्ध करण्याची पद्धत आहे. भारतात मंत्रालये मसुद्याच्या चर्चेला संघटनांनाच बोलावतात, त्यामुळे बाहेर पडलेल्या मध्यम आकाराच्या कंपनीला त्या खोलीत जागा मिळणे कठीण होते. ‘आत राहून बदल घडवू’ हा युक्तिवाद म्हणून अगदीच पोकळ नाही. पण त्याला तारीख जोडलेली नसेल तर तो सोयीचा बहाणा होतो. जोखीम समितीने ठराव करताना अपेक्षित बदल, त्यासाठीची मुदत आणि मुदत टळल्यास पुढचे पाऊल, तिन्ही गोष्टी लिहाव्यात. बारा ते अठरा महिने पुरेसे आहेत. तेवढ्यात संघटनेची कार्यकारिणी बहुधा एकदा बदललेली असते.

जाहीर काय करावे, आणि भागधारकाने काय विचारावे

बीआरएसआरमधील ऐच्छिक रकाना पूर्ण भरावा आणि त्यात अंतर्गत पडताळणीचा दुवा द्यावा. पडताळणीत प्रत्येक महत्त्वाच्या संघटनेचे नाव, तिने कोणत्या मसुद्यावर काय मागितले, कंपनीचे मत काय होते आणि कंपनीने काय केले, एवढे असले तरी पुरे. ‘सर्व संघटना आमच्या उद्दिष्टांशी सुसंगत आहेत’ असे एका ओळीत लिहिणारा अहवाल तज्ज्ञ वाचकाला ताबडतोब संशयास्पद वाटतो, कारण दहा संघटनांत एकही मतभेद नसणे हे व्यवहारात घडत नाही.

भागधारकांचा दबाव कितपत चालतो, हे अमेरिकेत दिसले. हवामान-लॉबिंगचा अहवाल मागणाऱ्या ठरावाला शेव्हरॉनच्या 2020 च्या सभेत 53 टक्के आणि एक्सॉनमोबिलच्या 2021 च्या सभेत सुमारे 64 टक्के मते पडली. भारतात भागधारकाला स्वतःचा ठराव मांडण्यासाठी कंपनी कायद्याच्या कलम 100 आणि 111 नुसार दहा टक्के मताधिकाराची गरज असते, त्यामुळे तो मार्ग लहान गुंतवणूकदाराला जवळपास बंद आहे. म्युच्युअल फंडांना मात्र सेबीच्या 2019 च्या प्रतिपालन संहितेनुसार (स्टुअर्डशिप कोड) कंपन्यांशी संवाद साधून त्याचा तपशील जाहीर करावा लागतो. फंडाच्या गुंतवणूकदाराने आपल्या फंडाला पत्र लिहून या विषयावर कोणत्या कंपनीशी बोलणे झाले, असे विचारावे.

वैयक्तिक भागधारकासाठी वार्षिक सर्वसाधारण सभा आहे. सभेच्या सूचनेत दिलेल्या मुदतीत वक्ता म्हणून नाव नोंदवावे लागते आणि बोलायला दोन-तीन मिनिटे मिळतात, म्हणून प्रश्न नेमका हवा. ‘आपली हवामानविषयक भूमिका काय’ असे विचारल्यास छापील उत्तर मिळते. त्याऐवजी एका मसुद्याचे नाव घ्यावे आणि विचारावे, की त्यावर आपल्या क्षेत्राच्या संघटनेने दिलेले निवेदन जाण्यापूर्वी कंपनीत कोणी वाचले होते, त्याच्याशी कंपनी सहमत होती का, आणि त्या संघटनेला गेल्या वर्षी वर्गणीव्यतिरिक्त किती रक्कम दिली. अध्यक्षांनी ‘माहिती नंतर कळवू’ असे म्हटल्यास त्याच आठवड्यात कंपनी सचिवांना तोच प्रश्न ई-मेलने पाठवून उत्तर लेखी मागून घ्यावे.